विषय कोण देतो?

लेखनाच्या शिबिराला बोलावलं की एक प्रश्न ठरलेला असतो. शेवटच्या सत्रात कुणीतरी हात अर्धवट वर करतं आणि विचारतं, "पण तुम्हाला सुचतं कसं?" विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर थोडा संकोच असतो आणि थोडा संशयही. आम्ही लिहिणारी माणसं कुठलीतरी विहीर दडवून बसलो आहोत आणि दोर मागितला तर देत नाही, असा तो संशय. पूर्वी मी गोल उत्तर द्यायचे. वाचा, फिरा, माणसं बघा. उत्तर खोटं नव्हतं, निरुपयोगी होतं. पोहायला कसं शिकायचं असं विचारणाऱ्याला 'पाण्यात राहा' सांगण्यापैकी.

अलीकडे मात्र मला या प्रश्नाची दुसरी बाजू खुपते. विषय सुचत नाही असं म्हणणाऱ्याला तो कुणीतरी द्यावा असं वाटत असतं. ही सवय त्याला लागली कुठून?

शाळेतला निबंध आठवून पाहा. फळ्यावर विषय, त्याखाली मुद्दे, मुद्द्यांच्या क्रमाने परिच्छेद, शेवटी उपदेशाच्या दोन ओळी. मूल दिलेलं खोकं भरून देतं. दहा वर्षं हे केल्यावर त्याच्या मनात एक गोष्ट पक्की बसते, जी कुठल्याही धड्यात छापलेली नसते: लिहायचं मी, विषय दुसऱ्याचा. त्याच मुलाला दिवसभरात ढीगभर प्रश्न पडलेले असतात, पण ते 'निबंधाचे विषय' नसतात. निबंधाचा विषय कसा भारदस्त हवा, वाचून मोठ्यांनी मान डोलवावी असा. मुंगीने स्वतःपेक्षा मोठा तुकडा इतक्या लांब ओढून आणला आणि मध्येच सोडून का दिला, हा विषय नव्हे. 'उद्योगाचे महत्त्व' हा विषय. गंमत म्हणजे त्या निबंधात मुंगी येतेच. फक्त ती कधीही तुकडा सोडत नाही.

मोठेपणी फळा तेवढा बदलतो. मी चार वर्षं एक साप्ताहिक सदर चालवलं. रतीबच तो. सुरुवातीचे काही महिने बरे गेले, मग मी दिनदर्शिकेला लागले. अमुक दिन, तमुक जयंती, कुणाची तरी शताब्दी. त्यातलं काही नसेल तर काल रात्रीपासून सगळे ज्यावर बोलताहेत ते. संपादक खूश, कारण लेख वेळेवर येत होते. मी खूश, कारण विषय शोधायची कटकट मिटली होती. नंतर कधीतरी सगळी कात्रणं एका बैठकीत वाचली, तेव्हा लक्षात आलं की त्यातले निम्म्याहून अधिक लेख त्या आठवड्यात दुसऱ्या कुणीही लिहिले असते. बहुधा लिहिलेही होते.

एका लेखकाच्या कंटाळ्यापुरती ही गोष्ट असती तर इथे सांगितली नसती. एका दिवशी हजारो माणसं एकाच विषयावर लिहितात, तेव्हा त्या विषयाबद्दल नवं असं फार थोडं बाहेर येतं, आणि त्या दिवशी त्या हजार माणसांना दिसलेलं दुसरं सगळं अलिखित राहतं. कुठलाही समाज स्वतःबद्दल काय लिहितो यावर चर्चा होते, काय लिहीतच नाही यावर होत नाही, कारण न लिहिलेलं दाखवणार कसं? जो विषय देतो तो विचाराला कुंपणही घालून देतो. त्याला काही बंदी वगैरे घालावी लागत नाही. आज यावर बोला, एवढं म्हटलं की पुरतं. बाकीचं आपण आपणहून गप्प बसून करतो.

आणि आता मागाल ते लिहून देणारी यंत्रं आली आहेत. मीही करून पाहिलं. ललित लेखासाठी ५० विषय दे, म्हटलं. मी खुर्ची सरकवून नीट बसेपर्यंत ५० आले. जुन्या पत्रांचा वास, हरवलेली किल्ली, पहिल्या पावसातली शांतता, आरशातला अनोळखी चेहरा. एकही वाईट नव्हता. आणखी ५० मागितले, तेही आले. शंभराव्या विषयापाशी मला कळलं की मला विषयांची टंचाई कधीच नव्हती. माझी किल्ली हरवलेली नव्हती. ती कुणाचीच हरवलेली नव्हती. तिथे कुणी दाराबाहेर अडकलेलं नव्हतं, म्हणून तो विषय इतका गुळगुळीत होता. या यंत्रांवर माझा राग नाही. उलट त्यांनी एक उपकार केला आहे. विषय ही गोष्ट त्यांनी इतकी स्वस्त करून टाकली की 'विषय मिळाला की लिहीन' ही सबब आता कुणालाच वापरता येणार नाही.

मग कमी काय पडतं? माझ्या मते, अडखळणं. दिवसातून चार-पाच वेळा आपण एखाद्या गोष्टीपाशी क्षणभर अडखळतो. हे असं का, असं मनात येतं, आणि पुढच्या क्षणी आपण ते झटकून चालू लागतो. लिहिण्याजोगं जे काही असतं ते त्या क्षणात असतं. सुचणं म्हणजे ते न झटकणं. याहून मोठं गूढ त्यात नाही, निदान सुरुवातीला तरी नाही.

माझ्या टिपणवहीतलं एक उदाहरण देते. एका पानावर मी नुसतं 'एकटेपणा' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेत. तारीख आहे, शाई ठळक आहे, म्हणजे त्या दिवशी मला फार काहीतरी जाणवलं असणार. काय, ते आज ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. दोन पानं पुढे घाईघाईत खरडलेली ओळ आहे: 'भिंतीपलीकडच्या आजी रेडिओ बंद करण्याआधी निवेदकाला "बरं, उद्या" म्हणतात.' ही ओळ वाचली की सगळं परत उभं राहतं. पातळ भिंत, रात्रीच्या बातम्या संपतानाचा तो ठरलेला सूर, निवेदकाचा निरोप, मग आजींचं ते 'बरं, उद्या', आणि त्यानंतर बटणाचा टक्क आवाज. निरोप न घेता बंद करणं त्यांना उद्धटपणाचं वाटत असेल का? की 'उद्या' हा शब्द दिवसातून एकदा मोठ्याने उच्चारायची ती सोय असेल? 'एकटेपणा' या शब्दाने मला एक वाक्यसुद्धा दिलं नाही. या ओळीने प्रश्न दिले, आणि प्रश्न मिळाले की लेख अर्धा झालेला असतो. म्हणून नवोदितांना माझं एकच सांगणं असतं: वहीत भाववाचक नाम लिहायचं नाही. दुःख, प्रेम, काळ, मृत्यू, काही नाही. काय दिसलं, कुणी काय म्हटलं, कुठलं बटण दाबलं, ते लिहा. भाव मागाहून येतो आणि न बोलावता येतो.

टिपणाचा हा आग्रह माझा नवा नाही. दहाव्या शतकाच्या आसपासचा संस्कृत कवी राजशेखर 'काव्यमीमांसे'त कवीच्या जवळ सतत काय काय असावं याची यादीच देतो: फळी आणि खडू, लेखणी आणि शाईचं भांडं, ताडपत्रं किंवा भूर्जाची साल, आणि स्वच्छ केलेल्या भिंती. भिंती! मला ही यादी फार आवडते. सुचलेलं निसटू नये म्हणून हाताशी काही नसलं तर भिंत तरी असावी, इतका तो व्यवहारी आहे. पण लगेच पुढे तो एक गिरकी घेतो. आचार्य म्हणतात ही काव्याची साधनं. पण राजशेखर म्हणतो, माझ्या मते प्रतिभा हेच साधन. इथे माझं आणि त्याचं बिनसतं. प्रतिभाच जर सगळं असेल तर भिंत पुसायला कशाला लावली?

त्याच्यानंतर दीडेकशे वर्षांनी मम्मट या काव्यशास्त्रकाराने हा तिढा जास्त शहाणपणाने सोडवला. काव्य कशातून जन्मतं? एक शक्ती, म्हणजे उपजत देणगी. दुसरी निपुणता, जी लोक, शास्त्र आणि काव्य यांच्या निरीक्षणातून येते. तिसरा अभ्यास, जाणकारांच्या शिकवणीखाली केलेला. आणि मग तो व्याकरणातून एक खुंटी पक्की ठोकतो: हे तिन्ही मिळून 'हेतू' आहे, एकवचनी, हे तीन वेगवेगळे हेतू नव्हेत. म्हणजे माझ्याकडे देणगी नाही म्हणून मी निरीक्षण करत नाही, किंवा माझ्याकडे देणगी आहे म्हणून मला त्याची गरज नाही, या दोन्ही पळवाटा त्याने एका वचनात बुजवल्या. निरीक्षणाच्या यादीत त्याने 'लोक' शास्त्राच्याही आधी ठेवला आहे. तो क्रम सहज पडला असेल असं मला वाटत नाही.

स्फूर्तीच्या कथा आपण सांगतो त्याही अर्ध्याच सांगतो. मेरी शेली १८१६ च्या उन्हाळ्यात जिनिव्हाच्या सरोवरकाठी होती. सतत पाऊस, घरात अडकलेली मंडळी, प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहायची असं ठरलेलं. तिचं वय अठरा. मग एका रात्री अर्धवट झोपेत तिला ते दृश्य दिसलं आणि 'फ्रँकेन्स्टाइन' जन्मली, असं आपण सांगतो. १८३१ च्या आवृत्तीला तिने स्वतः जी प्रस्तावना लिहिली, तिच्यात मात्र बरंच काही आहे. रोज सकाळी तिला विचारलं जायचं, गोष्ट सुचली का? आणि रोज तिला खजील होऊन नाही म्हणावं लागायचं. दरम्यान कवी बायरन आणि तिचा जोडीदार पर्सी शेली यांच्या लांबलचक गप्पा चालायच्या, जीवनाचं मूळ तत्त्व काय, ते कधी हाती लागेल का, मृत शरीरात जीव आणता येईल का. ती जवळजवळ गप्प बसून ते ऐकायची. दृश्य दिसलं ते त्या ऐकण्यानंतर. तिचंच म्हणणं आहे की निर्मिती पोकळीतून होत नाही, गोंधळातून होते. आपण स्वप्न लक्षात ठेवतो आणि ते गप्प बसून ऐकणं विसरतो, कारण स्वप्नाची गोष्ट रंगते. गप्प बसण्याची काय रंगणार?

नोंद करण्याचं खरं शास्त्र मला एका साहित्यिकाकडे नाही, डार्विनकडे सापडलं. १८७६ मध्ये लिहिलेल्या आत्मकथनात तो आपला एक सुवर्णनियम सांगतो. आपल्या निष्कर्षाच्या विरुद्ध जाणारी एखादी गोष्ट, निरीक्षण किंवा विचार समोर आला की तो न चुकता, ताबडतोब लिहून ठेवायचा. का, तर अनुकूल गोष्टींपेक्षा अशा गोष्टी स्मरणातून फार लवकर निसटतात, हा त्याचा अनुभव. हे वाचलं तेव्हा मी वही बंद करून थोडा वेळ नुसती बसले. आपल्याला वाटतं आपण विसरतो ते क्षुल्लक म्हणून. डार्विन म्हणतो, आपण विसरतो ते गैरसोयीचं म्हणून. अडखळलेला क्षण आपण झटकतो तो तो किरकोळ असतो म्हणून नव्हे. त्यात आपल्या कुठल्यातरी लाडक्या समजुतीला धक्का असतो. मुंगी तुकडा सोडते हे दिसलं तर उद्योगाच्या महत्त्वाचं काय करायचं? आणि लक्षात घ्या, हाच डार्विन १८३८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात 'करमणूक म्हणून' माल्थसचा लोकसंख्येवरचा ग्रंथ वाचायला घेतो आणि नैसर्गिक निवडीची कल्पना त्याच्या हाती लागते. करमणूक खरीच, पण त्याआधी पंधरा महिने त्याच्या वह्या भरत होत्या. ठिणगी कुठेही पडते. पेटायला खाली काहीतरी साठलेलं लागतं.

याला एक आक्षेप आहे आणि तो मला स्वतःलाच पटतो. सगळेच असं बारीकसारीक टिपत सुटले तर किरकोळीचा बाजार होईल. मी पाहिलेलं, मला वाटलेलं, माझी खिडकी, माझी मांजर. होतोच तसा बाजार, रोज बघतो आपण. जगात दुष्काळ आणि युद्धं चालू असताना हे कुठलं बटण आणि कुठला रेडिओ? पण मला या आक्षेपात एक गृहीत दिसतं, की मोठा विषय घेतला की लेखन मोठं होतं. युद्धावरचे गुळगुळीत लेख मी ढिगाने वाचले आहेत आणि ते आठवत नाहीत. तपशील किरकोळ ठरतो तो लेखक त्याच्यापाशीच थांबला तर. स्वतःकडे बघून गोड हसला तर. अडखळण्यातला प्रश्न पुढे नेला की तो आपोआप स्वतःच्या खिडकीबाहेर जातो. आजींच्या 'बरं, उद्या' मधून मी निघाले आणि म्हातारपणी माणसाशी दिवसभरात किती वाक्यं बोलली जातात या प्रश्नाशी पोहोचले. तो माझा एकटीचा प्रश्न उरलेला नव्हता. उलट 'वृद्धांच्या समस्या' हे शीर्षक घेऊन बसले असते तर पहिल्या परिच्छेदातच बदलत्या कुटुंबव्यवस्थेवर घसरले असते आणि तिथून परत आले नसते.

दुसरा धोका अति चौकशीचा. कादंबरीकार हेन्री जेम्सने १९०८ च्या एका प्रस्तावनेत याचा मजेदार किस्सा सांगितला आहे. नाताळच्या आदल्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर शेजारच्या बाई बोलता बोलता म्हणाल्या, की एका सुंदर जुन्या घरातल्या सामानावरून एक आई आणि तिचा एकुलता एक मुलगा यांच्यात वितुष्ट आलं आहे. वडील गेल्यावर घर मुलाकडे आलेलं. जेमतेम दहा शब्द, आणि त्याला आख्खी कादंबरी दिसली. पण बाई थांबेनात. खरं काय घडलं ते सविस्तर सांगू लागल्या, आणि जेम्सला वाटलं, झालं, आयुष्याने पुन्हा आपलं बेंगरूळ काम सुरू केलं. बातमीदाराने असं वागून चालणार नाही, त्याला शेवटपर्यंत ऐकावंच लागतं आणि तपासावंही लागतं. ललित लिहिणाऱ्याने मात्र कधी कान बंद करायचे हे शिकायला हवं. उत्तर लवकर मिळालं की प्रश्न मरतो.

म्हणून माझी मागणी लेखकांकडे कमी आणि शिकवणाऱ्यांकडे, संपादकांकडे जास्त आहे. आठवड्यातून एक तास फळा कोरा ठेवा. मुलांनी विषय आणावा, आणि गुण द्यायचेच असतील तर त्या प्रश्नाला द्या, उपसंहाराला नको. सुरुवातीला वर्ग गप्प बसेल. बसू द्या. संपादकांनी दिनविशेषाची पानं अगदी बंद करावीत असं मी म्हणत नाही, माझंही पोट त्यावर भरलं आहे. पण एखाद्याने 'याला निमित्त काही नाही, मला हे खटकलं एवढंच' म्हणून लेख पाठवला तर 'सध्या याचं प्रयोजन काय' हे ठरीव पत्र धाडू नये. मला अशी तीन आली आहेत. तिन्ही जपून ठेवली आहेत.

मागच्या एका शिबिरात मी शेवटच्या सत्राची वाट न बघता सुरुवातच त्या प्रश्नाने केली. २२ माणसं होती. म्हटलं, आज इथे येताना कुठे अडखळलात ते दोन ओळींत लिहा. पहिली पाच मिनिटं बहुतेकांनी छताकडे पाहण्यात घालवली. 'काहीच नाही' असं सहा जणांनी लिहून दिलं. एकीने निसर्गाची हाक लिहिली. मी विचारलं, निसर्ग नेमकं काय म्हणाला, तर ती हसली आणि कागद परत घेऊन गेली. निवृत्तीला टेकलेले एक हिशेबनीस होते, त्यांनी लिहिलं होतं: 'या इमारतीच्या लिफ्टमध्ये सात बटणं आहेत. फक्त ३ चा आकडा पूर्ण झिजला आहे. बाकीचे नवे दिसतात.' शिबिर पाचव्या मजल्यावर होतं. आम्ही सगळे त्याच लिफ्टने आलो होतो. जेवणाच्या सुट्टीत दहा-बारा जण लिफ्टपाशी जाऊन ते बटण बघून आले. तिसऱ्या मजल्यावर काय असेल यावर नंतर वर्गात जो कल्ला झाला, तो माझ्या कुठल्याही भाषणाने झाला नसता. मी त्यांना म्हटलं, यावर लिहा, आणि पूर्ण होईपर्यंत तिसऱ्या मजल्यावर पाय ठेवू नका.

महिन्याभराने त्या हिशेबनिसांचा फोन आला. आवाजात विजय होता.

"मॅडम, तिसऱ्या मजल्याचा उलगडा झाला! परवा मुद्दाम जाऊन आलो."

"थांबा, थांबा. सांगू नका. आधी सांगा, लिहून झालं होतं का?"

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही.

"नाही हो," ते म्हणाले. "आणि आता बसलो लिहायला, तर लिहिण्यासारखं काही उरलंच नाही."